शेल्टरमधली स्टाउट

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून कोणीतरी म्हणेल, हा गृहस्थ गप्प कसा बसला, ओरडला कसा नाही. ओरडलो की. बायकोवर ओरडलो, मुलीवर ओरडलो, एकदा तर त्या बादलीवरसुद्धा ओरडलो. पण चूक माझी होती, आणि ती आपल्याकडचाच माणूस करू जाणे. एकावन्न वर्षांचा, केस पिकलेला, सिंगापूरचा पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवासी असलेला मी, माझ्याच घरात बीअर बनवत होतो आणि ती वडिलांपासून लपवत होतो.

आम्ही चोआ चू कांगला राहतो, अकराव्या मजल्यावर. मी जुरोंग आयलंडवर एका प्लांटमध्ये प्रोसेस इंजिनिअर आहे. सकाळी सहाला कंपनीची बस, गेटवर पास, दिवसभर डोक्यावर हेल्मेट, संध्याकाळी पुन्हा बस. तिथल्या एका सहकाऱ्याने मला या नादाला लावलं. तो म्हणाला, सुरुवात स्टाउटपासून कर, सगळ्यात सोपी. किटचा डबा मिळतो, त्यात सगळं तयार असतं, नुसतं पाण्यात कालवायचं. शिवाय स्टाउट काळी असते, भाजल्यासारखी कडवट असते, त्यामुळे नवशिक्याच्या चुका तिच्यात लपून जातात. केमिकल इंजिनिअरिंग केलेल्या माणसाने डबा फोडून बीअर करावी यात कसलं आलंय कौतुक, पण मला ते आवडलं. आपल्या घरापुरती करायला इथे परवानगीही आहे.

अडचण एकच होती. बाबा आमच्याकडे आलेले होते.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा पुण्यात एकटेच राहत होते, शेवटी मी हट्टाने त्यांना इथे घेऊन आलो. बाबा पोस्टात होते. चहाच्या पलीकडे आयुष्यात कसली चव घेतली नाही. लग्नात कोणी पिऊन आलंय असा नुसता संशय आला तरी ताटावरून उठणारा माणूस. त्यांची दुसरी ख्याती म्हणजे बटणं. रिकाम्या खोलीतला दिवा, रिकाम्या खोलीतला पंखा त्यांना बघवायचा नाही. आपण खोलीतून बाहेर पडतोय न पडतोय तोच मागून खट्ट. आई न्हाणीघरात असताना दिवा घालवल्याचे किस्से आमच्याकडे अजून सांगतात. सिंगापूरला आल्यापासून मात्र त्यांनी एकही बटण बंद केलं नव्हतं. भर दुपारी दिवे जळत असायचे, सगळ्या खोल्यांतून पंखे फिरत असायचे. मला वाटलं, लेकाच्या घरी संकोचत असतील. त्यांच्या मागून हिंडत मीच बंद करायचो.

तर एका शनिवारी सकाळी बायको बाबांना घेऊन लिटल इंडियात देवळात आणि भाजीला गेली. मुलगी क्लासला. म्हटलं, हीच वेळ. डबा गरम पाण्यात ठेवून सैल केला आणि आतलं काळंभोर, काकवीसारखं दाट बादलीत सोडलं. वर उकळतं पाणी, किलोभर साखर, मग फ्रिजमध्ये गार करून ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या एकामागून एक. खुणेपर्यंत भरलं, यीस्टची पुडी भुरभुरली, झाकण घट्ट दाबलं. त्या झाकणाला भोक असतं, त्यात एक छोटी प्लास्टिकची नळी बसवतात आणि नळीत थोडं पाणी घालतात. आतला वायू त्या पाण्यातून बुडबुडा होऊन बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत जाऊ शकत नाही. बुडबुडे येतायत तोवर आत काम चालू आहे असं समजायचं, थांबले की झालं.

बादली ठेवली बॉम्ब शेल्टरमध्ये. इथल्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराच्या बाजूला ही एक बिनखिडकीची खोली असते. जाड भिंती, लोखंडी दार. युद्धबिद्ध झालं तर लपायला. ते होईपर्यंत सगळे तिथे सुटकेस, जुने पंखे आणि तांदूळ ठेवतात. जागा अंधारी, त्यातल्या त्यात गार. तरी इथला उन्हाळा बारा महिन्यांचा, आणि यीस्ट कामाला लागलं की बादली आतूनच तापते. त्यावर उपाय म्हणजे बादली पाण्याच्या परातीत ठेवायची आणि तिला जुनं, मऊ, सुती कापड गुंडाळायचं. कापड परातीतलं पाणी वर ओढत राहतं आणि बादली थंड राहते. आता जुनं मऊ सुती कापड म्हटल्यावर आपल्या माणसाचा हात कुठे जातो? बायकोने आईच्या दोन सुती साड्या गोधडी शिवायला म्हणून पुण्याहून आणून कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या होत्या. त्यातली फिकट जांभळी, बारीक काठाची, धुऊन धुऊन विरलेली मी उचलली. क्षणभरही विचार केला नाही. बादलीला वेढे दिले, पदर झाकणावरून घेतला, नळीपुरती जागा ठेवली आणि दार लावलं.

रविवारी सकाळी मी आणि बाबा चहा पीत बसलो होतो तेव्हा पहिला आवाज आला. बुडुक. मग बऱ्याच वेळाने पुन्हा. मग अखंड. दार लोखंडी असलं तरी शेल्टरच्या भिंतीत हवेसाठी भोकं असतात, त्यातून तो थेट स्वयंपाकघरात येत होता. बाबांनी कप खाली ठेवला आणि मान वळवून ऐकत राहिले. काय आहे रे ते, असं त्यांनी विचारलं. माझ्या तोंडात जे पहिलं आलं ते मी सांगितलं: हवेचं मशीन आहे बाबा, आत जायचं नाही, दार उघडायचं नाही. ते माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग बरं म्हणाले आणि उरलेला चहा तसाच ठेवून उठले.

बायको म्हणाली, सांगून टाक ना, खाणारेत का तुला. मी म्हटलं, आठ-दहा दिवसांचा प्रश्न आहे, बाटल्यांत भरली की संपलं. उगाच कशाला त्यांच्या जिवाला त्रास.

मंगळवारी मुलगी म्हणाली, आजोबा टीव्ही आवाज बंद करून बघतात. ती सोळा वर्षांची आहे, दोनला शाळेतून येते, त्यामुळे दुपारचं घर तिलाच ठाऊक. आल्या आल्या तिने दप्तर धाडकन टाकलं तर आजोबांनी तोंडावर बोट ठेवलं म्हणे. शेल्टरवरून जाताना ते चपला काढून हातात घेतात. तिने त्यांना तिच्या ‘ला’ लावलेल्या सिंगापुरी मराठीत सांगून पाहिलं, आजोबा, आत कोणी नाहीये ला, तर ते हसले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मी म्हटलं, म्हातारपण आहे, तू अभ्यास कर.

बुधवारी बायको कामावरून लवकर घरी गेली आणि दुपारी तिचा प्लांटवर फोन आला. ती कामाच्या वेळी कधी फोन करत नाही. शेल्टरच्या दाराशी जमिनीवर तिला एक स्टीलची वाटी सापडली होती, वर ताटली झाकलेली. आत मुगाच्या डाळीचं पाणी. कोमट, बिनमिठाचं. आई शेवटी शेवटी फक्त तेवढंच घ्यायची.

तिथे कंट्रोल रूममध्ये, डोळ्यांसमोर पन्नास आकडे हलत असताना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आईची फुप्फुसं निकामी झाली होती. शेवटचे आठ महिने ती घरीच ऑक्सिजनच्या मशीनवर होती. त्या मशीनला पाण्याची बाटली असते. ऑक्सिजन त्या पाण्यातून बुडबुडत नाकापर्यंत येतो, म्हणजे नाक कोरडं पडत नाही. त्या आठ महिन्यांत मी दोनदा जाऊन आलो, बाकी सगळा फोन. संध्याकाळी परतीच्या बसमधून फोन लावला की आधी तो आवाज यायचा, मग आई. पुढे आईला बोलवेना. तेव्हा बाबा फोन तिच्या उशाशी ठेवायचे आणि मी कानाला फोन लावून नुसते बुडबुडे ऐकत यायचो. ती गेली त्या दुपारीही बाबांचा फोन आला तेव्हा मागे तोच आवाज होता. गेली रे, एवढंच ते म्हणाले, आणि मशीन बुडबुडत होतं. विमानात मला तेच आठवत राहिलं. माणूस गेलं आणि मशीन चालू. बटणं बंद करत फिरणाऱ्या माणसाने ते तसंच कसं ठेवलं.

आणि तोच आवाज मी विकत आणून घरात ठेवला आणि ओळखला नाही. वर स्वतःच्या तोंडाने सांगितलं, हवेचं मशीन आहे.

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आलो. दुपारचे तीन वाजले असतील. या वेळी इथले ब्लॉक अगदी चिडीचूप असतात. लिफ्टचा आवाज नाही, पोरांचा नाही. मी दार उघडलं तर सगळ्या खोल्यांत दिवे लागलेले, सगळे पंखे फिरत होते आणि घरात कोणी नव्हतं. बाबांच्या खोलीत नव्हतं, न्हाणीघरात नव्हतं. बायको कामावर होती, मुलीला त्या दिवशी शाळेतच थांबायचं होतं. मी हाक मारली. उत्तर म्हणून तेवढं बुडुक, बुडुक. शेल्टरचं दार घट्ट लावलेलं होतं आणि दाराबाहेर बाबांच्या चपला जोडीने, टाचा भिंतीकडे करून ठेवलेल्या होत्या.

मी प्लांटमध्ये टाकीत माणूस उतरवायच्या कागदांवर सह्या करणारा माणूस आहे. आतली हवा तपासल्याशिवाय मी कोणालाही पाय ठेवू देत नाही, मग तो कितीही वरचा साहेब असो. बादलीतून निघणारा वायू जड असतो, तो खाली साचतो, बंद खोलीत माणसाला आधी गुंगी येते. हे सगळं मला पाठ होतं आणि मी ती बादली बंद खोलीत ठेवून वडिलांना त्या घरात एकटं सोडत होतो. दाराचा दांडा मी दोन्ही हातांनी फिरवला.

बाबा आत छोट्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसले होते. दिवा लागलेला होता. त्यांचा उजवा हात साडीवर होता. मी आत पाहिलं आणि तसाच उभा राहिलो, कारण मी पाच दिवसांपूर्वी काय करून ठेवलं होतं ते मला पहिल्यांदा दिसलं. जांभळी साडी ओली होऊन अंगासरशी चिकटलेली. पदर डोक्यावरून घेतलेला. भिंतीला टेकून कोणीतरी बाई गुडघे पोटाशी घेऊन बसावी एवढीच ती उंच होती. आणि पदराखालून, सावकाश, श्वास येत होता.

बाबांनी तोंडावर बोट ठेवलं. "हळू बोल. आत्ता डोळा लागलाय. अंग बघ तिचं, कसलं तापलंय."

मी हात का लावला, मला आजही सांगता येणार नाही. साडी वरून गार होती आणि आतून ऊब येत होती. तापलेल्या माणसाच्या कपाळावरच्या पट्टीला येते तशीच. यीस्ट साखर खातं तेव्हा उष्णता बाहेर पडते, त्याचं गणित मी करून दाखवू शकतो. पण मी हात ओढून घेतला.

मग मी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं, खिडक्या सताड उघडल्या, पाणी पाजलं. त्यांचं डोकं जड झालं होतं, बाकी काही नव्हतं. आणि मग मी ओरडलो. दार आतून लावायचं कोणी सांगितलं, काही झालं असतं म्हणजे, मी कोणाला तोंड दाखवलं असतं. ते शांतपणे ऐकत होते आणि मधूनमधून शेल्टरकडे बघत होते. माझ्या ओरडण्याने तिची झोपमोड होईल याची त्यांना काळजी होती, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

संध्याकाळी बायकोने ती साडी पाहिली. मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण ती तिथे जमिनीवरच बसली. म्हणाली, अरे, आईंची साडी गुंडाळलीस तू? ती उठली, सोडायला म्हणून पदराला हात घातला आणि थांबली. सोडायच्या ऐवजी तिने पदर जरा पुढे ओढून सारखा केला. त्यानंतर आमच्यापैकी कोणीच ती साडी काढली नाही. दार मात्र मी त्या दिवसापासून दिवसरात्र उघडं ठेवलं आणि समोर पंखा लावला.

शुक्रवारी सकाळी मी बाबांना समोर बसवून खरं सांगितलं. डबा दाखवला, पुडी दाखवली, पेल्यात थोडी काढून वासही दिला. त्यांनी चष्मा लावून डब्यावरचं बारीक अक्षर शेवटपर्यंत वाचलं. म्हणजे दारू, ते म्हणाले. मी हो म्हटलं. मला वाटलं होतं आता बोलणी बसतील, आणि खरं सांगतो, बसली असती तर मला बरं वाटलं असतं. पण त्यांनी डबा नीट टेबलावर ठेवला.

"मला कळतं रे, मी काही वेडा झालेलो नाही," ते म्हणाले. "पण ते बंद नको होऊ देऊस."

याने तर मी जास्तच घाबरलो. ते भ्रमात असते तर डॉक्टरला दाखवलं असतं. ते भ्रमात नव्हते. त्यांना माहीत होतं की ती बादली आहे, आणि तरी ते दुपारभर तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत होते.

किटची स्टाउट इथल्या उष्णतेत आठवड्यात आटपते. शनिवारपर्यंत बुडबुडे विरळ झाले. रविवारी एक झाल्यावर दुसऱ्याला अर्धा मिनिट लागायला लागला. बाबा हातात घड्याळ घेऊन बसले होते. जेवायला या म्हटलं तर हातानेच थांब म्हणायचे. मधलं अंतर लांबलं की त्यांचाही श्वास थांबायचा आणि बुडुक झालं की सुटायचा. आठवड्यात ते अर्धे झाले होते. त्यांच्याकडे बघताना मला एकच गोष्ट दिसत होती: ज्या दिवशी हे थांबेल त्या दिवशी हा माणूसही थांबेल.

मुलीने डोकं चालवलं. ती फिश टँकचा हवेचा पंप घेऊन आली. तो एका पाण्याच्या बाटलीत सोडला आणि छान सलग बुडबुडे निघाले. बाबा मिनिटभर ऐकून म्हणाले, हा तिचा नाही. बंद कर म्हणालेही नाहीत, नुसते तोंड फिरवून बसले. मुलीचा चेहरा पडला. तिने तो पंप उचलून खोलीत नेला.

मग मी ते केलं जे कोणतंही किट करा म्हणणार नाही. सोमवारी पहाटे बसला जायच्या आधी झाकण किलकिलं करून मी बादलीत दोन वाट्या साखर सोडली. संध्याकाळी परत आलो तेव्हा आवाज पुन्हा सुरू झाला होता आणि बाबा पोळीभाजी जेवत होते. तेव्हापासून एक दिवसाआड हाच नेम. मी भूतखेत मानत नाही. पण हेल्मेट बगलेत धरून, आईच्या साडीचा पदर बाजूला करून, मी त्या काळ्या तोंडात वाटीने साखर घालत होतो आणि झाकण लावल्यावर पदर पुन्हा सारखा करत होतो. एकदा मी स्वतःला तिच्याशी बोलताना पकडलं. येतो ग, असं म्हणालो होतो. मग तिच्यावरच ओरडलो आणि बस चुकली.

हे कायम चालणारं नव्हतं, हे इंजिनिअर म्हणून मला कळत होतं. यीस्ट साखरेची दारू करतं आणि दारू वाढत वाढत इतकी होते की त्यातच ते मरतं. मग कितीही साखर घाला, काही उपयोग नसतो. तिसऱ्या आठवड्यात साखर घातल्यावरही बुडबुडे पूर्वीसारखे येईनात.

त्या शनिवारी दुपारी आम्ही दोघे शेल्टरच्या उघड्या दारासमोर बसलो होतो. बायको आणि मुलगी बाहेर गेल्या होत्या. बुडुक व्हायचं, मग बराच वेळ काही नाही. माझ्या मनात दोन वर्षं होतं ते मी विचारलं. बाबा, ती गेली तेव्हा तुम्ही फोन केलात, मागे मशीन चालू होतं. तुम्ही ते बंद का नव्हतं केलं?

मधे दोन बुडबुडे येऊन गेले.

"केलं होतं," ते म्हणाले. "आधी बंदच केलं होतं. ती म्हणाली, अहो, जरा बंद करा ना ते, कान किटले. पाच मिनिटं. मी बटण बंद केलं. किती शांत वाटतंय म्हणाली. आणि मला झोप लागली. आठ महिने डोळ्याला डोळा नव्हता रे माझ्या, त्या शांततेत मला खुर्चीतच झोप लागली. जागा झालो तेव्हा चार वाजले होते. आधी मशीन चालू केलं. मग तुला फोन लावला."

मला रडू आलं आणि रागही आला. कोणाचा, ते कळेना. मी सांगायचा प्रयत्न केला की डॉक्टरांनी तेव्हा आठवडाच दिला होता, की तिनेच मागितलं होतं. त्यांनी मान हलवली. हे सगळं त्यांनी स्वतःला सांगून झालेलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर मात्र भर दुपारी जळणारे आमच्या घरातले दिवे आले, आणि त्यांच्या मागून हिंडत ते बंद करणारा मी.

दुसऱ्या दिवशी रविवार. जेवण झाल्यावर बाबा आपल्या खोलीत पलंगावर आडवे झाले. डोक्यावर पंखा होता. बायको झोपली होती, मुलगी कानात काहीतरी घालून अभ्यास करत होती. मी बाबांच्या दारात उभा होतो. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. ते मला दिसले असतील असं वाटत नाही.

"जरा बंद कर रे ते," ते म्हणाले. "कान किटले."

आवाज त्यांचाच होता. पण शब्द ओढायची ती पद्धत, शेवटी जरा दमून सोडून द्यायची, ती त्यांची नव्हती. नाही म्हणावं असं मनापासून वाटत होतं. नाही म्हणणं सोपंही होतं, थोडी साखर घाला, अजून चार दिवस ढकला. पण मागणारा माणूस थकला होता, आणि मला आदल्या दिवशीच कळलं होतं की असं मागितल्यावर बाबांना ‘नाही’ का म्हणता आलं नव्हतं. मी शेल्टरमध्ये गेलो. पदर बाजूला केला, नळी धरली आणि ओढून काढली.

परत आलो तेव्हा त्यांनी डोळे मिटले होते. किती शांत वाटतंय, असं ते पुटपुटले. मी खुर्ची पलंगाला लावून बसलो. नळी हातातच राहिली होती, तिच्यातलं पाणी माझ्या पँटवर सांडलं होतं. पंख्याखाली त्यांचा सदरा हलत होता, त्यामुळे छाती हलतेय की नुसता सदरा, ते कळत नव्हतं. मी वाकून बघत राहिलो. मला दुपारी बसल्या जागी झोप लागते, बसमध्ये तर मी उभ्याउभ्याही झोपतो. डोळे जड व्हायला लागले तसा मी दंडाला चिमटे काढले, मग उठून उभाच राहिलो. एक श्वास, मग दुसरा. मधलं अंतर मी मोजत होतो, ते घड्याळ घेऊन मोजायचे तसंच. आणि त्यातल्या एका लांबलेल्या अंतरात, नळी माझ्या मुठीत असताना, स्वयंपाकघराच्या बाजूने स्पष्ट आवाज आला. बुडुक.

मी वळून पाहिलं नाही. बाबांवरची नजर काढायची नाही एवढंच ठरवलं होतं. मी त्यांच्या नाकासमोर तळवा धरला आणि तसाच धरून ठेवला, श्वास तळव्यावर लागेपर्यंत.

पावणेपाचला त्यांनी डोळे उघडले. मला असं उभं बघून त्यांना नवल वाटलं नाही.

"जागाच होतास?"

"हो."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ बाबा."

त्यांनी माझ्या हातातल्या नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चहा टाक म्हणाले, आलं घाल. मी स्वयंपाकघरात जाऊन पातेलं चढवलं. ते पलंगावरून उतरल्याचं ऐकू आलं, चपला पायात सरकवल्याचं, दारापर्यंत आल्याचं. मग मागे खोलीत खट्ट झालं. त्यांनी पंखा बंद केला होता.